सर्जेरावाचे पितळी टर्मिनल

ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या सालची ही गोष्ट. आमच्या भागात रेल्वेच नाही, त्यामुळं आम्हाला तेवढीही आशा नव्हती. युसूफ वडगावच्या आतल्या अंगाला असलेल्या त्या गावात सलग तिसरं साल कोरडं चाललं होतं. विहिरींचे तळ दिसून जुने झाले होते. माणसं टँकरच्या आवाजाला कान लावून बसायची आणि टँकर आला की एकमेकांच्या उरावर बसायची.

अशा गावात सर्जेराव दूध सोसायटीची पिकअप चालवायचा. पन्नाशीला आलेला, अंगानं काटकुळा, बोलायला तिरसट. बाकी कशात त्याला कुणी शहाणा म्हणत नसे आणि त्याचीही तक्रार नसे. पण गाडीच्या बाबतीत कुणी शिकवायला गेलं की त्याचं डोकं सणकायचं. गाडीचा रंग उडालेला, एका बाजूचा आरसा गेलेला, दार दोरीनं बांधलेलं. तरी तो तिच्याबद्दल बोलायचा ते घरच्या लेकीबद्दल बोलावं तसं. "तिला सकाळची थंडी सोसत न्हाई," म्हणायचा. अहो, बीड जिल्ह्यात कसली आलीय थंडी! पण हे त्याच्या तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

गाडीवर एवढा जीव असायला कारण होतं. सर्जेरावाची आई भिमाबाई म्हशी पाळायची. पण बौद्धवस्तीतलं दूध गावात कुणी घ्यायचं नाही. म्हशीला जात नसते, पण दूध पिणाऱ्याला असते ना! भिमाबाई किटली घेऊन जीपच्या मागं लटकून केजला जायची, कारण तिथं हॉटेलात तिला कुणी ओळखत नव्हतं. मग गावात सोसायटी निघाली. चेअरमन वीरभद्र अण्णांच्या घरचं दूध आणि वस्तीतलं दूध एकाच कॅनमधे पडायला लागलं. दोन-चार घरांनी नाकं मुरडली, पण वरचा दूध संघ फॅट बघायचा, आडनाव बघायचा नाही. पहिल्या दिवशी भिमाबाई त्या कॅनमधे वाकून वाकून बघत राहिली होती. आपलं दूध कुठलं आणि अण्णांचं कुठलं हे कुणालाच सांगता येईना, याचा तिला कोण आनंद झाला होता. तो कॅन रोज केजच्या शीतकरण केंद्रावर पोचवायचा हे आपलं काम, आणि ते चुकलं तर आईला तोंड दाखवता येणार नाही, असं सर्जेराव आई गेल्यावरही म्हणायचा.

आता गाडीचं रडगाणं ऐका. ती सकाळी सुरूच व्हायची नाही. चावी फिरवली की नुसती कटकट करायची आणि गप्प व्हायची. मग दूध घालायला आलेल्या बायाच पदर खोचून मागं लागायच्या आणि मारुतीच्या देवळापर्यंत गाडी ढकलत न्यायच्या. देवळापाशी उतार होता. तिथं सर्जेरावानं क्लच सोडला की गाडी एक आचका द्यायची आणि धूर सोडत चालू व्हायची. बाया ओरडायच्या, हसायच्या, हात झटकत घरी जायच्या. सगळ्यांत पुढं असायची मालनबाई. ही सर्जेरावाच्या चुलतभावाची बायको. नवरा मागंच वारलेला, घरी अंथरुणाला खिळलेली सासू आणि दारात एक म्हैस, एवढाच तिचा संसार. गाडीला पहिला हात तिचा लागायचा. "चला गं बायांनो, भावजीची राणी रुसली!" असं तिनं म्हटलं की सगळ्या जणी हसत हसत जोर लावायच्या. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की गाडी धक्क्यानंच चालते, तिच्या पोटातली बॅटरी म्हणजे उगाच एक डबा, असंच बायांना वाटायला लागलं होतं.

खरा दोष होता टर्मिनलांचा. बॅटरीच्या दोन खुंटांवर तारा घट्ट धरून ठेवणाऱ्या त्या दोन कड्या. जुन्या गाडीत त्यांना चुना धरतो. पांढरा, हिरवा, भुसभुशीत. तो धरला की करंट अडतो. पूर्वी सर्जेरावाचं याला एक औषध होतं. दुधाचे कॅन धुण्याच्या सोड्यानं धुतले की ते गरम पाणी तो बादलीत धरायचा आणि टर्मिनलांवर ओतायचा. फसफस करून सगळा चुना निघून जायचा. पण दुष्काळात कॅन धुवायलाच पाणी नव्हतं. रिकामे कॅन फडक्यानं पुसायचे आणि केजला धुवायचे. तिथून पाणी आणायचं म्हटलं तर तिथंही मोजूनमापून. माणसाला प्यायला नाही तिथं बॅटरीला आंघोळ कुठून घालणार? टर्मिनल सडत गेले. त्यातून ते पत्र्याचे, वरून मुलामा दिलेले. बोटानं दाबलं तरी पापुद्रा निघायचा.

चैत्राचं ऊन लागलं तसं दूध नासायला लागलं. उतारावरही गाडी चालू होईना, दोन-दोनदा ढकलून देवळापाशी आणावी लागायची. केजला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं. दोन खेपा आंबलेलं दूध परत आलं. संघाचा सुपरवायझर गावात येऊन गेला आणि वीरभद्र अण्णांना सरळ सांगून गेला, "दूध असंही कमीच झालंय तुमचं. आता आणखी एकदा नासलं की गाव बंद. पुन्हा चालू करायचं माझ्या हातात न्हाई."

सर्जेराव मनाशी हिशेब मांडायला लागला. संकलन बंद झालं तर लोक जनावरं बाजारात नेतील. बाजारात त्या साली म्हशीकडं कोण बघत होतं? खाटीक सोडला तर कुणी नाही. आणि वस्तीतलं दूध? ते पुन्हा किटलीत, पुन्हा जीपच्या मागं.

सोसायटीचं तुम्हाला ठाऊकच आहे. सुई घ्यायची तरी ठराव लागतो. टर्मिनलांसाठी मीटिंग बसली. दूध सोसायटीची मीटिंग आणि चहा मात्र कोरा, कारण थेंबभर दूधही कॅनमधून काढायची सोय राहिली नव्हती. वीरभद्र अण्णांचं गावात किराणा दुकान. माणूस मनानं वाईट नव्हता, पण हात आखडता. ते म्हणाले, "साधे बसवा की. आपल्याला काय विमान उडवायचंय?"

"साधे बसवून बसवून ही येळ आली, अण्णा," सर्जेराव तडकला. "एकदाच चांगले बसवू. गाडी भंगारात गेली तरी टर्मिनल राहिले पायजेत असले."

"मग वरचे पैसे तू घाल," अण्णा हसत म्हणाले. सर्जेराव घालतो म्हणाला आणि ठराव पास झाला.

केजला बसप्पांचं बॅटरीचं दुकान होतं. म्हातारा सगळ्या तालुक्यातल्या ड्रायव्हरांना नावानिशी ओळखायचा आणि सगळ्यांना शिव्या घालायचा. सर्जेरावानं मागितल्यावर त्यानं काउंटरवर तीन जोड ओतले.

पत्र्याचे सर्जेरावानं बोटानंच बाजूला सारले. मग शिशाचे उचलले. काळपट, मऊ, नखानं ओरखडा उठेल असे.

"हेच घे," बसप्पा म्हणाला. "मऊ हाय म्हणून खुंटाला गच्च बसतंय. आसिडला दाद देत न्हाई."

"मऊ हाय हेच तर वांधं, काका. आमचा रस्ता बघितलाव का कधी? रोज ढिलं व्हणार, रोज आवळायचं. आवळून आवळून चिरणार एक दिवस."

मग पितळी जोड त्यानं हातात घेतला. हात खाली गेला, इतका जड. त्यानं लोहचुंबक लावून बघितलं, चिकटलं नाही. पान्याच्या टोकानं आतून खरवडलं. आतही तेच पिवळं. बोल्ट फिरवून बघितला, आटे खोल आणि साफ. भोकं बघितली. एक मोठं, एक बारीक, कारण बॅटरीचे दोन खुंट सारखे नसतात. पुष्कळ लोक दोन्ही एकाच मापाचे नेतात आणि ढिल्याला पत्रा कोंबत बसतात. सर्जेरावाचं तोंड उजळलं. लग्नाचा बस्ता बांधतानाही तो एवढा खूश नव्हता.

बसप्पानं त्याच्याकडं बघितलं आणि मान हलवली. "माल एक नंबर हाय, मीच सांगतो. पण ह्या साली पितळ लावू नको बे."

"कावून?"

"कावून म्हणजे? लोकायनं बोरच्या मोटारीचे पितळी व्हॉल काढून इकलेत. आमच्या गल्लीतल्या देवळाची घंटा गेली. ह्या दिवसांत पितळाला पाय फुटतेत. शिसं काळं असतंय, कुणाच्या नजरंत भरत न्हाई."

"आमच्या गावात चोर न्हाई, काका."

"चोर न्हाई म्हणतो मी बी. पण उपाशी हायेत का न्हाई?"

सर्जेरावाला राग आला. ज्या बाया रोज हातांची सालटं काढून गाडी ढकलतात, त्यांच्या गावाला हा म्हातारा नावं ठेवतो म्हणजे काय! त्यानं पितळी जोड फडक्यात बांधला आणि निघाला. बसप्पा मागून काहीतरी म्हणाला, ते त्यानं ऐकूनही घेतलं नाही. ऐकायला पाहिजे होतं हो. पण चांगल्या वस्तूवर मन बसलं की माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही.

गावात आल्यावर त्यानं खुंट पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केले. टर्मिनल ठोकून बसवले नाहीत, हातानं दाबून बसवले, पान्यानं आवळले, वरून व्हॅसलिन फासलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाया पदर खोचून मागं उभ्या राहिल्या. सर्जेरावानं चावी अर्धी फिरवली आणि गाडी घुर्र करून चालू झाली.

"अगं बया!" मालनबाई दोन पावलं मागं सरली. "आमची नोकरीच गेली की, भावजी!"

सगळ्या हसल्या. सर्जेराव इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. खाली उतरून त्यानं बॅटरीची पेटी उघडून सगळ्यांना दाखवली. "अस्सल पितळ हाय. घंटेचं असतंय तसलं. नातवंडं वापरतील." आता हे सगळ्या गावाला दाखवायची काय गरज होती? पण त्याला कुठं दम निघतोय. आलेल्यागेलेल्याला तो पेटी उघडून दाखवायचा.

काही दिवस दूध वेळेवर पोचलं. केजच्या केंद्रावरचा माणूस म्हणाला, "आता सुधारलं तुमचं गाव." सर्जेराव रात्री पोटभर जेवला आणि गाढ झोपला.

इकडं मालनबाईची म्हैस आटत चालली होती. चारा छावणी लांब होती, आणि तिथं जनावरापाशी माणसानं राहावं लागायचं. सासूला टाकून ती कशी जाणार? तिनं म्हशीला झाडाचा पाला घातला, छपराचा जुना कडबा काढून घातला. पेंड द्यायचं सोसायटीनं कधीच बंद केलं होतं. सकाळी ती किटली घेऊन यायची तेव्हा तळाला कपभर दूध असायचं. मापाऱ्यापुढं ते ओतताना तिची मान खाली असायची. सर्जेराव बघायचा आणि दुसरीकडं तोंड करायचा.

आणि एक दिवस उजाडताना सर्जेराव गाडीपाशी आला तर बॅटरीची पेटी उघडी.

दोन्ही टर्मिनल गेलेले. नुसते गेले असते तरी त्याला हरकत नव्हती. तारा खुंटाला आवळून त्यानं गाडी केजला नेली असती. पण ज्यानं नेले त्याला पाना कसा लावायचा हे माहीत नव्हतं. कोयत्याच्या पाठीनं ठोकून, उचकटून ओढलेलं. एक खुंट मुळासकट उपटून आला होता. बॅटरी वरून चिरली होती, आसिड मातीत सांडून माती काळी पडली होती. सर्जेराव तिथंच खाली बसला.

बाया जमल्या. वीरभद्र अण्णा आले, त्यांनी कपाळाला हात लावला. मग त्यांची नजर वस्तीकडं गेली. "सर्जेराव, जरा तुमच्या लोकायला इचारून बघ बरं."

एवढ्या वर्षांत अण्णा असं कधी बोलले नव्हते. सर्जेरावाच्या अंगाची लाही लाही झाली. तो उलट बोलायला उठलाच होता, तेवढ्यात मालनबाई किटली घेऊन समोर आली. तिच्या लुगड्याच्या पदराला भोकं पडली होती. उंदरानं कुरतडल्यासारखी बारीक बारीक, कडा पिवळ्या. उजव्या हाताची बोटं लालबुंद. असली भोकं ड्रायव्हराच्या पँटला असतात. आसिड सांडलं की आधी काही दिसत नाही, काही तासांनी कापड आपोआप विरतं. मालनबाईला अजून ते दिसलंही नव्हतं.

सर्जेरावानं ती भोकं ओळखली. तो अण्णांकडं वळला आणि म्हणाला, "पितळी मीच आणले, अण्णा. म्हातारा नको म्हणत हुता. चूक माझी हाय."

मग तो मालनबाईजवळ गेला आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "वैनी, पदर आत खोचून घ्या."

तिनं पदराकडं बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं पदर कमरेत खोचला, हात मागं नेले.

"आता?" अण्णा म्हणाले. "धक्का मारून बघा की."

"न्हाई व्हणार अण्णा. ह्या गाडीच्या पंपाला बॅटरीचा करंट लागतो. त्याशिवाय डिझेल पुढं सरकतच न्हाई. आजवर बॅटरी थोडी तरी जित्ती हुती म्हणून धक्क्यानं चालायची."

"मारून तर बघा!"

मालनबाई सगळ्यांच्या आधी मागं गेली आणि गाडीला खांदा लावला. त्या दिवशी ती हसली नाही, काही म्हणाली नाही. नुसती जीव खाऊन ढकलत होती. बायांनी गाडी देवळापर्यंत नेली, उतारावर सोडली. खाली जाऊन ती उभी राहिली. बायांनी ती वर ढकलत आणली आणि पुन्हा सोडली. सर्जेराव स्टिअरिंग धरून बसला होता. काही होणार नाही हे त्याला माहीत होतं, तरी उतरायचं धाडस त्याला होईना. आरशात मालनबाईचं तोंड दिसत होतं, दात आवळलेलं, घामानं भिजलेलं. ते बघून त्याला रडू फुटलं.

जीप मिळाली तेव्हा ऊन तापलं होतं. कॅन केजला पोचले, झाकणं उघडली आणि केंद्रावरच्या माणसानं नाक धरलं. सुपरवायझर तिथंच होता. तो ओरडला नाही, रागावलाही नाही. त्यानं हळूच सांगितलं, "सर्जेराव, मी बोललो हुतो ना. आजपासून तुमचं गाव बंद." सर्जेरावानं त्याचे पाय धरले. त्यानं पाय मागं घेतले आणि आत गेला.

दुपारी गावात सगळ्यांना कळलं. अण्णांनी सोसायटीच्या खोलीला कुलूप घातलं नाही, नुसतं दार लोटून घेतलं. सर्जेराव पायरीवर बसून राहिला. ऊन उतरलं तरी उठला नाही. संध्याकाळी दूध घालायला कुणी येणार नव्हतं.

मालनबाई आली. ती दिवसभर घरात दडून होती, तिच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं. किटली दोन्ही हातांनी धरलेली, कारण ती गळ्यापर्यंत भरली होती.

ती थोडी लांबच उभी राहिली. मग खाली बघत बोलली. "भावजी, काल दिवस मावळल्यावर काढले आन रातीच भंगारवाल्याला दिले मी ते. सरकी पेंड आणली. मला वाटलं, एवढं कपभर दूध घेऊन किती दिवस येऊ तुमच्या दारात? म्हशीनं पेंड खाल्ली आन पान्हा सोडला बघा. उद्या आणखीन वाढंल. मी फेडते तुमचं. रोज दूध घालून फेडते."

"उद्या आणू नका वैनी."

"कावून? लई राग आलाय का?"

"गाव बंद केलं संघानं. सकाळचं दूध नासलं म्हणून. आता गाडी न्हाई."

तिला नीट उमगायला वेळ लागला. मग ती मटकन खाली बसली. "पर गाडी तर धक्क्यानं चालायची! इतकी वर्षं आमीच ढकलली की, भावजी! त्या डब्याचं एवढं काम असतंय हे कुणाला ठावं हुतं?" ती कळवळून विचारत होती. पेटी उघडताना तिला खरंच माहीत नव्हतं, आणि आता सांगून काय उपयोग होता?

सर्जेराव उठला, दार उघडून आत गेला आणि माप घेऊन आला. तिच्या हातातली किटली घेतली. नेहमीसारखं, फेस बाजूला सारून, एकेक माप त्यानं रिकाम्या कॅनमधे ओतलं आणि मोठ्यानं मोजलं. मालनबाई पदरानं तोंड दाबून ऐकत होती. एवढं दूध तिनं त्या साली सोसायटीत कधीच घातलं नव्हतं.